मिटलेली मूठ आणि ताणणारी पट्टी

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा चालायला लागतो. काठी घेऊन, पाय फेकत, भिंतीला धरून का होईना, पण तो मोरीपर्यंत आणि मग दारापर्यंत जातो. हात मात्र मागे राहतो. कोपर दुमडलेलं, मनगट खाली पडलेलं, अंगठा तळव्यात गेलेला आणि त्यावर चारही बोटं घट्ट मिटलेली. नखं कापायची म्हटलं तरी बोटं एकेक करून सोडवावी लागतात. ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं आहे, त्यांना ही मूठ ओळखीची आहे.

हल्ली अशा हाताच्या पाठीवर निळी किंवा गुलाबी पट्टी चिकटवलेली दिसते. खेळाडूंच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर दिसते तीच ही कायनेसिओ टेप. घरची माणसं बहुधा पहिला प्रश्न विचारतात: हिच्यात औषध असतं का? नसतं. सुती कापड, त्यात ताणणारे धागे आणि मागे गोंद, एवढंच. तरीही योग्य हातावर, योग्य वेळी लावली तर तिचा उपयोग होतो, आणि नुसती लावून ठेवली तर फारसं काहीच घडत नाही. हा फरक कशाने पडतो हे कळायला आधी मूठ का मिटते ते पाहायला हवं.

हालचालींचे हुकूम देणारा मेंदूच्या पृष्ठभागावरचा जो पट्टा आहे, त्यात हाताला आणि बोटांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली आहे. कॅनडातले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून हा नकाशा तयार केला. पक्षाघातात सगळ्यांत जास्त वेळा जी धमनी बंद पडते, ती मेंदूच्या बाहेरच्या अंगाला रक्त पुरवते आणि चेहरा व हात यांचा भाग नेमका तिथेच येतो. पायाचा भाग दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला असतो आणि त्याला रक्त देणारी धमनी वेगळी. म्हणून एकाच झटक्यात पाय थोडक्यात सुटतो आणि हाताचं नुकसान मोठं होतं.

दुसरं कारण मेंदूतलं नाही, रोजच्या जगण्यातलं आहे. चालायचं तर दुबळ्या पायावर भार टाकावाच लागतो. त्याला सुट्टी नसते. हाताचं तसं नाही. उजवा गेला तर डाव्याने जेवता येतं, दात घासता येतात, मोबाइल धरता येतो. दोनचार वेळा प्रयत्न करून पेला सांडला की माणूस तो हात बाजूला ठेवून देतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी हेच आधी माकडांमध्ये पाहिलं. एका हाताची संवेदना काढून घेतलेली माकडं तो हात वापरत नसत. पण चांगला हात बांधून ठेवला की तोच निकामी समजलेला हात कामाला लागे. यातून पुढे माणसांसाठी एक उपचार तयार झाला: चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून दिवसचे दिवस कामं करून घ्यायची. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत 222 रुग्णांवर हा उपचार तपासला गेला आणि झटक्याला कित्येक महिने उलटल्यानंतरही हातात खरीखुरी सुधारणा दिसली. मात्र एक अट होती. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. निदान 10 अंश तरी. ज्याचं मनगटच उचललं जात नाही तो या दारातून आत येऊ शकत नाही.

हाताची खरी अडचण इथे आहे. मूठ वळण्याची ताकद बऱ्याच जणांना परत येते; उघडण्याची येत नाही. बोटांच्या प्रत्येक पेराला वेगळं हलवण्याची नजाकत मेंदूकडून पाठीच्या कण्यापर्यंत थेट येणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेवर अवलंबून असते. पक्षाघातात हीच वाट तुटते. मग मेंदूच्या खालच्या भागातून येणाऱ्या जुन्या वाटा तिची जागा घेतात. त्यांना नाजूक काम जमत नाही आणि हाताच्या बाबतीत त्यांचा कल मिटवणाऱ्या स्नायूंकडे असतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी या प्रवासाचे टप्पे बारकाईने टिपून ठेवले. आधी हात लुळा, मग ताठरपणा सुरू होतो, खांदा-कोपर-बोटं एकदमच आखडतात, आणि नशीब चांगलं असेल तर पुढे हा एकत्र बांधलेला जुडगा सुटून एकेक सांधा मोकळा हलू लागतो. आजही आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट फायलीवर याच टप्प्यांचा आकडा लिहितात.

बोटं उघडण्याला किती महत्त्व आहे हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2010 साली 188 रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं. झटक्यानंतर 72 तासांच्या आत ज्यांना बोटं थोडीशी सरळ करता आली आणि खांदा थोडासा बाजूला उचलता आला, त्यांच्या बाबतीत सहा महिन्यांनी हातात काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के होती. दोन्ही हालचाली न जमलेल्यांच्या बाबतीत ती 25 टक्के. आपल्याकडे त्या पहिल्या दिवसांत पेशंटला ‘माझा हात दाब’ असं सांगतात आणि त्याने दाबला की सगळ्यांना हायसं वाटतं. ‘आता सोड’ असं सांगून पाहिलं तर पुढच्या वाटचालीचा अंदाज जास्त येईल.

आता स्वतःच्या हातावर एक गोष्ट करून पाहा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. आवळली जात नाही. मनगट थोडं वर उचला, पकड लगेच बसते. आता हात सैल सोडून मनगट नुसतं वर-खाली करा: मनगट वर गेलं की बोटं आपोआप मिटतात, खाली पडलं की आपोआप उघडतात. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांचे लांब दोर, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखे, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगटाने जागा बदलली की दोरांचा ताण बदलतो. पक्षाघातात मनगट खाली पडलेलं असतं, म्हणून पकड कमजोर. ते उचलून धरलं तर पकड सुधारते, पण मिटवणारे दोर आधीच आखडलेले असल्याने बोटं उघडणं अवघड होतं. म्हणजे मनगट फार वरही नको आणि फार खालीही नको. प्रत्येक रुग्णाच्या हातासाठी ही मधली जागा वेगळी असते आणि ती बोटांनी चाचपून शोधणं हे थेरपिस्टचं खरं कसब. टेप त्यानंतर येते.

ही टेप जपानमधल्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात तयार केली. त्याआधी पांढरी, न ताणणारी झिंक ऑक्साइडची टेप वापरात होती, आजही आहे. तिने सांधा जखडून ठेवता येतो, पण तीच तिची मर्यादा. कासे यांना हालचाल चालू ठेवणारी पट्टी हवी होती. त्यांची पट्टी लांबीच्या दिशेने ताणली जाते, मूळ लांबीपेक्षा साधारण 40 टक्के जास्त, रुंदीत नाही. गोंद लाटांसारख्या रेघांमध्ये लावलेला असतो, मधून हवा खेळते, आणि अंगाच्या उबेने तो पक्का बसतो. पट्टी पाण्याने सुटत नाही, सहसा तीन ते पाच दिवस राहते. 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श यांच्या खांद्यावर काळी टेप साऱ्या जगाने पाहिली आणि तिची मागणी वाढली. रंगांमध्ये फरक काही नाही. निळी थंड, गुलाबी गरम, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मनगटासाठी लावायची एक पद्धत थोडी सविस्तर सांगतो. कोपराखालच्या हाताच्या लांबीपेक्षा बरीच मोठी पट्टी कापतात, कोपरे गोल करतात म्हणजे ते कपड्यांना अडकून सुटत नाहीत. पट्टीच्या एका टोकाजवळ घडी घालून दोन छोटी भोकं पाडतात आणि मधली दोन बोटं त्यांतून ओवतात. त्या भोकांपलीकडचा छोटा तुकडा तळव्यावर चिकटतो, उरलेली पट्टी हाताच्या पाठीवर येते. मग मनगट ठरवलेल्या जागी उचलून धरून, पट्टी मध्यम ताणाने मनगटावरून कोपराच्या दिशेने नेतात. दोन्ही टोकांना ताण अजिबात द्यायचा नाही. टोक ताणून चिकटवलं की तिथली कातडी ओढली जाते आणि फोड येतो. शेवटी हाताने चोळून गोंद गरम करायचा. अंगठ्यासाठी वेगळी अरुंद पट्टी, अंगठ्याच्या मागच्या बाजूने सुरू होऊन मनगटाच्या बाहेरच्या अंगाला जाते आणि तळव्यात शिरलेल्या अंगठ्याला बाहेर येण्याची दिशा दाखवते. हाताच्या पाठीवर सूज असेल तर पंख्यासारख्या चार-पाच चिंध्या कापलेली पट्टी जवळजवळ न ताणता लावतात. सुजेसाठी मात्र हात उशीवर उंच ठेवणं आणि बोटांची हालचाल करणं हेच मुख्य, पट्टी नंतर.

या पट्टीने नेमकं काय साधतं याबद्दल बरेच दावे केले जातात आणि ते सगळे सारख्या वजनाचे नाहीत. ती कातडी उचलून धरते, त्यामुळे खाली सुरकुत्या पडतात आणि रक्तप्रवाह वाढतो, हा जुना दावा. ब्राझीलमध्ये 2014 साली 148 कंबरदुखीच्या रुग्णांवर याची परीक्षा झाली. सुरकुत्या पाडणारी पट्टी आणि न पाडणारी पट्टी यांच्यात फरक दिसला नाही. पट्टी स्नायूच्या एका टोकाकडून लावली तर तो जागा होतो, उलट लावली तर शांत होतो, असंही शिकवलं जातं. प्रत्यक्ष मोजमापांत दिशेचा असा ठाम परिणाम आढळत नाही. ताठर मनगट यंत्रासारखं जखडून ठेवण्याइतका जोरही तिच्यात नाही. हात फारच आवळलेला असेल तर पट्टी हरते आणि तिथे बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाचा विचार करावा लागतो.

ज्या दाव्यात मला तथ्य वाटतं तो कातडीच्या संवेदनेचा. बोट कुठल्या स्थितीत आहे हे मेंदूला फक्त सांध्यातून आणि स्नायूंतून कळतं असं आपण समजतो. स्वीडनमधले बेनोनी एडिन आणि एन. योहानसन यांनी 1995 साली दाखवलं की बोटाच्या सांध्याभोवतीची कातडी विशिष्ट तऱ्हेने ताणली तर बोट जागच्या जागी असतानाही ते हललं असं माणसाला वाटतं. हाताच्या पाठीवरची कातडी ही मेंदूला खबर देणारी मोठी जागा आहे. पक्षाघाताच्या बऱ्याच रुग्णांना आपला हात कुठे आहे हेच नीट जाणवत नाही, डोळे मिटले की तो हरवतो. अशा हातावर दिवसभर हळुवार ओढ देणारी पट्टी असेल, आणि मनगट पडलं की ती ओढ वाढत असेल, तर हाताकडे लक्ष जायला मदत होऊ शकते. पण त्यासाठी कातडीची संवेदना थोडी तरी शिल्लक हवी आणि हात हलत असायला हवा.

तैवानसह अनेक देशांत पक्षाघाताच्या हातावर टेपच्या चाचण्या झाल्या आहेत. बहुतेक लहान, काही आठवड्यांच्या, आणि टेपच्या जोडीला नेहमीचे व्यायाम चालू ठेवून केलेल्या. काहींमध्ये ताठरपणा किंचित कमी झाला, काहींमध्ये हाताची हालचाल थोडी सुधारली. दुसऱ्या बाजूला, अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी 2016 साली पुनर्वसनाची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की मनगट आणि बोटांचा ताठरपणा टाळण्यासाठी स्प्लिंट किंवा टेपिंगची शिफारस करता येत नाही. स्प्लिंटबद्दल हे वाचून अनेकांना धक्का बसतो, कारण रात्री प्लास्टिकचा साचा बांधून झोपवण्याची पद्धत फार रुळलेली आहे. पण ऑस्ट्रेलियात नताशा लॅनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 63 रुग्णांवर चार आठवडे रात्रीचे स्प्लिंट तपासले आणि 2007 साली सांगितलं की मनगट आखडणं त्याने थांबलं नाही.

टेपच्या त्या चाचण्या आणि ही मार्गदर्शक तत्त्वं यांत मला विरोध दिसत नाही. पट्टी निष्क्रिय हातावर लावून ‘आता हिने ताठरपणा जाऊ दे’ म्हणत बसलं तर जात नाही, एवढंच ती मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पट्टी लावलेल्या मनगटाने समोरचा पेला उचलून पाहिला, तर तो आधीपेक्षा बरा उचलला जातो का, हा वेगळा प्रश्न आहे. काही रुग्णांत त्याचं उत्तर ‘हो’ असं येतं आणि त्यांच्यासाठी पट्टी मोलाची आहे, कारण तिच्यामुळे सराव शक्य होतो. स्प्लिंटने तळवा झाकला जातो, टेपने तो मोकळा राहतो. भांडं, कापड, पाणी हाताला लागत राहतं.

आणि सराव किती हवा हे समजलं की पट्टीचं स्थान आपोआप ठरतं. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांनी पुनर्वसन केंद्रांत बसून मोजलं, तर एका सत्रात हाताकडून खरंखुरं काम सरासरी 32 वेळाच करून घेतलं जात होतं. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडतो तो रोजच्या शेकडो आवर्तनांनी. रँडॉल्फ नूडो यांनी 1996 साली माकडांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, मेंदूतला हाताचा थोडा भाग निकामी झाल्यावर ज्या माकडांकडून छोट्या खळग्यांतून खाऊ वेचून घेण्याचा सराव करून घेतला, त्यांच्या मेंदूतला आसपासचा हाताचा भाग टिकला. ज्यांच्याकडून करून घेतला नाही, त्यांचा तोही कमी होत गेला. आठवड्यातून तीनदा येणारा फिजिओथेरपिस्ट ही शेकड्यांची भरपाई करू शकत नाही. ती घरातच व्हायला हवी.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची (‘ओटी’ची) शाळा सुरू केली, आशियातली पहिली. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी; लग्न होऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे त्यांनी नागपुरातही अशी शाळा उभी केली. काम करता करता हात बरा करायचा, हा त्या विद्येचा गाभा. पण आजही ‘फिजिओ लावला’ म्हणतात तसं ‘ओटी लावली’ असं कुणी म्हणताना फारसं ऐकू येत नाही. मोठ्या शहरांबाहेर तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधायलाच वेळ जातो, आणि हाताचे पहिले महत्त्वाचे तीन महिने असे निघून जातात. याची मला फार खंत वाटते.

घरात करायची कामं साधी आहेत: वाटाणे सोलणं, परातीत पसरलेल्या राजम्यातले दाणे वेचून वाटीत टाकणं, ओट्यावरून फडकं पुढे सरकवणं, वर्तमानपत्राची घडी घालणं, रिकामा तांब्या उचलून सोडणं. त्यातलं ‘सोडणं’ सगळ्यांत महत्त्वाचं. स्पंजचा किंवा रबराचा चेंडू दिवसभर दाबत बसण्याचा जो सल्ला शेजारीपाजारी देतात, तो आधीच मिटलेल्या मुठीला मिटण्याचंच आणखी शिक्षण देतो. घट्ट मूठ उघडायची झाली तर बोटांची टोकं धरून ओढू नयेत. झटक्याने ओढलं की ताठरपणा उलट वाढतो. आधी मनगट हळूच खाली वाकवावं, अंगठा मुळापासून धरून बाहेर काढावा, बोटं आपोआप सैल होतात. मग मनगट सावकाश वर आणावं.

पट्टी लावण्याआधी काही गोष्टी पाहायलाच हव्यात. आपल्याकडे अशा हाताला रोज तेलाने मालिश होते. तेलाचा अंश राहिला तर पट्टी तासाभरात सुटते, म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ असते आणि मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या ओढीनेही काळेनिळे डाग पडतात. अशा वेळी आधी छोटा तुकडा लावून एक दिवस पाहावा. जखम, इसब, कातडीचा संसर्ग, हातात रक्ताची गुठळी असल्याची शंका, यांत टेप नाही. मनगटाभोवती वेढा तर कधीच घालू नये. संवेदना गेलेल्या हाताला पट्टी टोचते आहे, जळते आहे हे रुग्णाला कळणारच नाही, त्यामुळे बोटांची टोकं निळी, थंड किंवा सुजलेली दिसताहेत का हे दिवसातून दोनदा घरच्यांनी पाहायचं. खाज किंवा लाली आली तर लगेच काढायची. काढताना ओढून नाही. पट्टीवर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ थांबावं, मग केसांच्या दिशेने, एका हाताने कातडी दाबून धरत पट्टी हळूहळू मागे गुंडाळावी.

खांद्याचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या लुळ्या अवस्थेत हाताच्या वजनाने दंडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. तिथेही टेप लावतात, आधार आणि वेदनेसाठी. पण पेशंटला उठवताना काखेत हात घालून किंवा दुबळा हात धरून ओढलं तर कुठलीही टेप तो खांदा वाचवू शकणार नाही.

टेप लावून घ्यायची असेल तर थेरपिस्टकडे एक मागणी जरूर करावी. पट्टी लावण्याआधी एखादं ठरावीक काम, म्हणजे एका मिनिटात किती दाणे वाटीत पडतात किंवा रिकामा पेला किती वेळा उचलून सोडता येतो, मोजून वहीत लिहावं. पट्टी लावल्यावर लगेच तेच काम पुन्हा मोजावं, आणि पट्टी असलेल्या दिवसांत हाताने एकूण किती काम केलं तेही लिहावं. पहिल्या दोन-तीन पट्ट्यांत आकडा हलला तर पुढे चालू ठेवावी. हलला नाही तर ती बंद करून तेच पैसे ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या भेटीवर खर्च करावेत, आणि वही मात्र चालू ठेवावी.